बाबांना अंगणात लेकरं दिसतात पण बाकी सगळं आठवते, हा अल्झायमरच आहे का?

मानेवाडा_वाली

नमस्कार मंडळी, थोडं लांब लिहून राहिली आहे, वाचून घ्या प्लीज. माझे बाबा ७४ चे, कोराडीच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले. शुगर नाही, बीपीची गोळी सुरू आहे, बाकी गॅसची कॅप्सूल वगैरे नेहमीचं. साधारण दीड वर्षापासून त्यांच्यात काहीतरी बदललं आहे. विसरणं म्हणाल तर तसं फार नाही, नातीचा वाढदिवस, पेन्शन कधी जमा होते, शेजारच्या काकाजींनी ड्रिल मशीन नेली आणि वापस नाही केली, हे सगळं पाठ आहे. पण संध्याकाळ झाली की म्हणतात अंगणात दोन पोट्टे बसून आहेत, त्यांना काही खायला दे. भीती वगैरे नाही, एकदम शांतपणे सांगतात. एकदा तर प्लेटमध्ये चिवडा काढून पायरीवर ठेवून आले होते.

दुसरं म्हणजे एक दिवस एकदम चांगले, पेपर वाचून महानगरपालिकेवर भाषण देतील, आणि दुसऱ्या दिवशी शर्टची बटनं लागत नाहीत, टीव्हीसमोर बसतात पण लक्ष कुठंच नसते. चालणं हळू झालं, पाय घासत चालतात, वळताना तोल जाते. आई म्हणते झोपेत ओरडणं, लाथा मारणं तर खूप वर्षांपासून आहे, म्हणून ती आता वेगळ्या पलंगावर झोपते.

मागच्या महिन्यात एका रात्री फारच चिडचिड झाली, दार उघडून बाहेर निघाले, तर घराजवळच्या डॉक्टरनी शांत राहायची गोळी दिली, हॅलोपेरिडॉल नाव होतं. थोड्याच डोसात बाबांचं अंग कडक झालं, लाळ गळायला लागली, घास गिळता येईना. गोळी बंद केली तेव्हा हळूहळू सुधारले. ते डॉक्टर म्हणाले अल्झायमर आहे, वयात होते असं. एमआरआय पण केला, त्यात मेंदूची ॲट्रॉफी (म्हणजे आकसणं) आणि छोट्या रक्तवाहिन्यांचे बदल असं लिहिलं आहे. दादा पुण्याला राहते, तो फोनवर म्हणते अल्झायमरच्या गोळ्या सुरू करा, सगळे प्रकार सारखेच असतात. पण मला काही पटून नाही राहिलं. ज्याला सगळं आठवते त्याला अल्झायमर कसा? आणि दाखवायचं कोणाला, न्यूरोला की मानसोपचारवाल्यांना? कोणाच्या घरी असं झालं असेल तर सांगा.

वाडीचा_भाऊ

ताई टेन्शन नका घेऊ, वयाचं आहे हे. आमच्या मोठ्या आईला पण शेवटी शेवटी मेलेली माणसं दिसायची. ब्राह्मी सुरू करा, रात्री तळपायाला तूप चोळा. आणि अंगणात लेकरं दिसतात म्हणजे एकदा कोणा जाणत्याला बोलावून घर पाहून घ्या, खर्च काही फार नाही येत. एमआरआयमध्ये फुकट पैसे गेले तुमचे.

रेसिडेंट_ऑन_ड्यूटी

ताई, मी मानसोपचारात रेसिडेंट आहे, ड्यूटी आत्ताच संपली म्हणून सविस्तर लिहितो. फोरमवर बसून निदान होत नाही, पण तुम्ही जे लिहिलं ते वाचून माझ्या डोक्यात पहिलं नाव लेवी बॉडी डिमेन्शियाचं आलं, अल्झायमरचं नाही.

डिमेन्शिया हे एका आजाराचं नाव नाही. मेंदूचं काम इतकं कमी होणं की रोजचे व्यवहार अडायला लागतात, त्या अवस्थेला डिमेन्शिया म्हणतात, आणि त्यामागे वेगवेगळे आजार असतात. अल्झायमर सगळ्यात कॉमन, जगभरात ६० ते ७० टक्के केसेस त्याच्या, म्हणून सगळ्यांच्या तोंडी तेच नाव. पण ओळखायची युक्ती अशी की सुरुवातीला नेमकं काय बिघडलं ते घरच्यांना विचारायचं, आत्ता काय आहे ते नंतर. कारण पाच-सात वर्षांनी सगळे प्रकार बरेचसे एकसारखे दिसायला लागतात, तेव्हा फरक करणं कठीण जाते.

अल्झायमरमध्ये सहसा ताजी आठवण आधी जाते. सकाळी कोण येऊन गेलं ते आठवत नाही, तोच प्रश्न दहा वेळा, आणि आठवण करून दिली तरी 'हो हो, आला होता' असं होत नाही, ती गोष्ट मुळात साठलेलीच नसते. १९७० मधली ट्रान्सफर मात्र तारखेसकट सांगतील. तुमच्या बाबांचं उलट आहे, आठवण बरी, आणि गडबड लक्ष देण्यात, दिसण्यात, हातांच्या कामात. अशा पेशंटला घड्याळ काढायला सांगितलं की आकडे एका बाजूला गोळा होतात, पण सकाळी नाश्त्याला काय होतं ते बरोबर सांगतात.

लेवीच्या चार खुणा आम्ही बघतो आणि तुम्ही न विचारता चारही लिहिल्या. स्पष्ट दिसणारी माणसं, लेकरं किंवा प्राणी, दिवसादिवसाला होणारे चढउतार, पार्किन्सनसारखं चालणं आणि कडकपणा, आणि झोपेत स्वप्नाप्रमाणे हातपाय चालवणं. ही शेवटची गोष्ट तर बाकी लक्षणांच्या कितीतरी वर्षं आधीपासून असू शकते. आईंना हेही विचारा की बाबांना फोडणीचा वास येणं कमी झालं का, बद्धकोष्ठता जुनी आहे का, पलंगावरून उठल्यावर चक्कर येते का. तिन्ही गोष्टी यात बऱ्याचदा असतात.

आणि पाचवी खूण हॅलोपेरिडॉलनं दाखवली. लेवीच्या पेशंटला या जातीची औषधं भयंकर झोंबतात, कधी जिवावरही बेततात. म्हणून आजपासून एक काम करा, बाबांच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेननं मोठ्या अक्षरात लिहा: हॅलोपेरिडॉल देऊ नका, दिल्यावर अंग कडक झालं होतं. उद्या पडून कॅज्युअल्टीत न्यायची वेळ आली आणि रात्री ते आरडाओरडा करायला लागले तर तिथं पहिलं इंजेक्शन बहुतेक हेच निघते.

एमआरआयचं म्हणाल तर ७४ व्या वर्षी ॲट्रॉफी आणि छोटे बदल बहुतेकांच्या रिपोर्टमध्ये असतात, त्यावरून प्रकार ठरत नाही. पण पैसे फुकट गेले नाहीत. गाठ नाही, जुनं रक्त साचलेलं नाही हे कळलं. पडल्यावर काही आठवड्यांनी कवटीच्या आत रक्त साचून माणूस असाच सुस्त आणि भ्रमिष्ट होऊ शकते, आणि ते ऑपरेशननं काढता येते.

रक्ताच्या तपासण्या झाल्या नसतील तर बी१२, थायरॉइड, सोडियम, शुगर, किडनी एवढं करून घ्या. शाकाहारी माणूस, वरून वर्षानुवर्षं ॲसिडिटीची गोळी, अशा घरात बी१२ तळाला गेलेलं खूप पाहतो आम्ही. शुगरवाल्यांना मेटफॉर्मिननंही ते कमी होते.

दाखवायचं न्यूरोलॉजिस्टला, आपल्याकडे नागपुरात मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) सुपर स्पेशालिटी दवाखान्यात न्यूरोलॉजी आहे. सोबत मानसोपचारवाले राहिले तर आणखी चांगलं. जाताना बाबांचा एक चांगला दिवस आणि एक वाईट दिवस दोन्हीचा मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या, कारण ओपीडीत नेमके ते एकदम फर्स्ट क्लास वागतात आणि डॉक्टर म्हणते यांना तर काहीच नाही.

वाडीच्या भाऊंना एवढंच, अंगणात लेकरं दिसणं हे या आजाराचं पुस्तकातलं लक्षण आहे. घर पाहायला कोणाला बोलावण्यापेक्षा संध्याकाळी अंगणातला लाइट लवकर लावा, अर्धवट उजेडात हे जास्त दिसते. आणि डोळ्यांत मोतीबिंदू आहे का तेही तपासून घ्या.

गोळीवाला

रेसिडेंट साहेबांशी सहमत. माझं मेडिकल स्टोअर आहे, मला वेगळीच गोष्ट खटकली. ताई, गॅसची कॅप्सूल म्हणालात, तिचं पाकीट काढून मागचं बारीक अक्षरातलं वाचा. पॅन्टोप्राझोल किंवा रॅबेप्राझोल सोबत लेव्होसल्पिराइड लिहिलं आहे का?

मानेवाडा_वाली

हो, लिहिलं आहे! रॅबेप्राझोल आणि लेव्होसल्पिराइड ७५. पण ती तर साधी गॅसची आहे ना, कित्येक महिन्यांपासून सुरू आहे, दुकानातून आम्हीच आणतो.

गोळीवाला

साधी नाही ना जी. लेव्होसल्पिराइड मेंदूतलं डोपामिन (हालचाल सांभाळणारं रसायन) अडवते, म्हणजे हॅलोपेरिडॉलच्याच खानदानातली. म्हाताऱ्या माणसाला रोज चालू राहिली की पार्किन्सनसारखं होते, हात थरथरणं, पाय घासणं, चेहरा कोरा. लोक चिठ्ठी एकदा आणतात आणि मग वर्षभर नुसतं रिकामं पाकीट दाखवून घेऊन जातात. चक्करच्या गोळ्यांचंही तसंच, सिनारिझिन, फ्लुनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन, आणि उलटीची मेटोक्लोप्रामाइड. उलटीसाठी लागलंच तर डोमपेरिडोन त्या मानानं बरी, पण तीही डॉक्टरला विचारून, हृदयाचा त्रास असला तर विचारल्याशिवाय नाहीच.

दुसरा गठ्ठा डोकं गढूळ करणाऱ्या औषधांचा. सर्दी-खाजेची जुनी झोप आणणारी गोळी, लघवीसाठीची ऑक्सिब्युटिनिन, झोपेसाठी दिलेली ॲमिट्रिप्टिलिन. आणि सगळ्यात मजेची गोष्ट म्हणजे हात थरथरतात म्हणून दिलेली ट्रायहेक्सिफेनिडिल, तिनं थरथर थांबते पण भास वाढतात. घरातली सगळी औषधं, आयुर्वेदिक चूर्णासकट, एका पिशवीत भरून न्यूरोवाल्यांच्या टेबलावर ओता. यादी लिहून नेऊ नका, लोक यादीत गॅसची गोळी लिहीतच नाहीत. आणि मनानं एकदम काही बंद नका करू, गॅसच्या कॅप्सूलबद्दल उद्याच फोन करून विचारा.

जयश्रीकाकू

मानेवाडावाली, बेटा वाचून वाईट वाटलं, पण तुझ्या बाबांचं लवकर लक्षात आलं हे चांगलं झालं. आमच्याकडे ह्यांना व्हॅस्क्युलर आहे, म्हणजे मेंदूत छोटे छोटे झटके येऊन होणारा. ह्यांची शुगर जुनी, बीपी जुना, तंबाखू वर्षानुवर्षं. ह्यांचं जिना उतरल्यासारखं झालं, सहा महिने काहीच फरक नाही आणि मग एका रात्रीत एक पायरी खाली, मग पुन्हा स्थिर. आठवण आहे पण उत्तर यायला वेळ लागते, आपण घाई केली की चिडतात, कधी कधी कारण नसताना रडतात आणि लगेच थांबतात. डॉक्टरनी स्पष्ट सांगितलं, गेलेलं वापस आणायची गोळी नाही, पण पुढची पायरी उतरू द्यायची नाही हे आपल्या हातात आहे. म्हणून बीपीची वही, शुगरची वही, रक्त पातळ करायची गोळी, तंबाखू बंद (ही लढाई वेगळी लिहीन कधी), मीठ कमी. हृदयाचे ठोके अनियमित आहेत का तेही ईसीजीत पाहून घेतलं होतं.

अजून एक सांगते. मागच्या उन्हाळ्यात ह्यांचं अचानक बिघडलं, सकाळी बरे होते आणि रात्री मला ओळखत नव्हते. सगळे म्हणाले आता आजार वाढला. निघालं काय, तर लघवीत इन्फेक्शन आणि सोडियम कमी. आपलं नागपूर, मे महिन्यात ४५ डिग्री, कूलरसमोर बसून तहान कळत नाही, वरून बीपीची लघवी होणारी गोळी. ॲडमिट केलं, ठीक झाले. तर बेटा, एका-दोन दिवसात एकदम बिघडलं तर त्याला डिमेन्शिया म्हणून घरी बसायचं नाही, लगेच दवाखाना.

वाडीचा_भाऊ

बरं भाऊ रेसिडेंट, मानलं. आता एक विचारतो, हसू नका. आमचे मोठे काकाजी ७० चे, त्यांचं आधी चालणं बिघडलं, पाऊल जमिनीवरून उचललंच जात नाही, मग कपड्यातच लघवी व्हायला लागली, आणि आता सुस्त राहतात, गोष्टी विसरतात. आम्ही समजलो म्हातारपण. हे पण त्यातलंच का?

रेसिडेंट_ऑन_ड्यूटी

भाऊ, हसायचं काय त्यात, या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न विचारला तुम्ही. चालणं, लघवी, मग विसरणं, याच क्रमानं आलं असेल तर नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस नावाचा प्रकार तपासायलाच हवा. मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साचून त्या फुगतात. स्कॅनमध्ये दिसते, मग कमरेतून ३० ते ५० मिली पाणी काढून आधी आणि नंतर चालवून पाहतात. पाणी काढल्यावर चालणं सुधारलं तर न्यूरोसर्जन नळी टाकतात, शंट म्हणतात तिला, ती जास्तीचं पाणी पोटात सोडते. सगळ्यांना फायदा होत नाही, पण ज्यांना होते त्यांचं चालणं तर खूपच सुधारते. उशीर केला तर फायदा कमी. प्रोस्टेट आणि मणक्याचंही पाहतील, कारण त्यानंही असं होते. काकाजींना या आठवड्यातच न्या.

पुण्यात_नागपूरकर

सगळ्यांनी वय, वय लावलं आहे म्हणून लिहितो. माझ्या मेव्हण्याला ५४ व्या वर्षी झालं. आठवण टकाटक, हिशोब बरोबर. पण माणूसच बदलला. शांत स्वभावाचा होता, तो लग्नात कोणाच्याही ताटातली जिलेबी उचलायला लागला, आईच्या मयतीत जोक सांगितले, ओळखीच्या कोणालाही हजारो रुपये देऊन टाकले. घरात वर्षभर भांडणं, बायको म्हणे बाहेर काहीतरी आहे, ऑफिसवाले म्हणे दारू. शेवटी एमआरआयमध्ये कपाळामागचा आणि कानाजवळचा भाग आकसलेला निघाला, फ्रंटोटेम्पोरल. हा साधारण ४५ ते ६५ मध्ये येते. यात अल्झायमरच्या गोळ्यांचा उपयोग नसतो, उलट डोनेपेझिलनं त्याची अस्वस्थता वाढली होती. डिप्रेशनच्या जातीची एक गोळी दिली, तिनं खा-खा आणि तोच तोच पणा जरा आटोक्यात आहे, आजार थांबत नाही. म्हणून ताई, तुमच्या दादाला सांगा प्रकार सारखे नसतात. आणि निदान झाल्याझाल्या बँकेचं पाहा, जोपर्यंत बाबा समजून सही करतात तोपर्यंत खातं जॉइंट करा, नॉमिनी तपासा, मृत्युपत्र करायचं असेल तर करा.

बाय द वे, अमेरिकेत ते नवीन इंजेक्शन आलं आहे ना, आमच्या नात्यातले कोणीतरी रोज फॉरवर्ड करतात. त्याचं काय?

रेसिडेंट_ऑन_ड्यूटी

लेकॅनेमॅब. २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मंजुरी मिळाली. ते फक्त अल्झायमरच्या सुरुवातीच्या टप्प्यासाठी, तेही मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रोटीन साचलं आहे हे तपासणीनं सिद्ध झालं तरच. आजार बरा होत नाही, घसरण थोडी मंदावते, आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होऊ शकते म्हणून वारंवार एमआरआय करावे लागतात. लेवी, व्हॅस्क्युलर, फ्रंटोटेम्पोरल यांच्यासाठी ते नाहीच.

ताईंच्या दादाचं एक मात्र अर्धं बरोबर निघू शकते. अल्झायमरच्याच गोळ्या, डोनेपेझिल आणि रिवास्टिग्मिन, लेवीतही चालतात, बऱ्याच जणांचे भास त्यानं कमी होतात. जपानमध्ये तर डोनेपेझिलला लेवीसाठी २०१४ पासून मंजुरी आहे. पण सुरू करायच्या आधी ईसीजी हवा, कारण त्यानं नाडी मंद होते, आणि सुरुवातीला मळमळ, जुलाब होतात म्हणून डोस हळूहळू वाढवतात. भास फारच त्रासदायक झाले तर क्वेटियापिन अगदी लहान डोसमध्ये, तेही डॉक्टरच्या नजरेखाली.

मानेवाडा_वाली

सगळ्यांचे खूप आभार, अपडेट देते. सुपर स्पेशालिटीत जाऊन आलो. व्हिडिओचा खूप फायदा झाला, कारण तिथं बाबांनी न्यूरोच्या डॉक्टर मॅडमना उलट विचारलं तुम्ही कोणत्या गावच्या. घड्याळ काढायला दिलं तर बारा आणि तीन एकाच ठिकाणी लिहिले, आईला तिथंच रडू आलं. मॅडम म्हणाल्या लेवी बॉडीची शक्यता जास्त वाटते, गॅसची कॅप्सूल बदलली, चालणं त्यामुळे किती आणि आजारामुळे किती ते दोन-तीन महिन्यांनी कळेल म्हणाल्या. बी१२ कमी निघालं, इंजेक्शन सुरू. ईसीजी ठीक आहे, रिवास्टिग्मिनचा पॅच दिला. झोपेसाठी मेलाटोनिन, आणि पलंग खाली घेऊन बाजूला गादी टाकायला सांगितली.

लेकरांबद्दल विचारलं तर म्हणाल्या वाद घालू नका, खोटं पण बोलू नका. आता बाबा म्हणाले पोट्टे आले की मी म्हणते मला नाही दिसून राहिले बाबा, पण तुम्हाला त्रास देतात का? ते म्हणतात नाही, बसू दे. आणि आम्ही चहा पितो.

दादाला फोनवर सगळं सांगितलं, तो दिवाळीत येऊन राहणार आहे पंधरा दिवस, पाहू. आईचीच चिंता आहे जास्त, तिची रात्रीची झोप होत नाही.

जयश्रीकाकू

आईला दुपारी दोन तास सक्तीनं झोपव आणि तेवढा वेळ कोणीतरी बाबांजवळ बसा, पैसे देऊन बाई ठेवावी लागली तरी ठेव. मन फार भरून आलं तर १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन करायचा, मराठीत बोलतात, मी स्वतः केला आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ पण आहे.

गोळीवाला

पॅचचं लक्षात ठेवा ताई. जुना काढल्याशिवाय नवीन लावायचा नाही, दोन पॅच एकत्र राहिले की डोस दुप्पट होते आणि उलट्या, चक्कर, नाडी मंद, थेट ॲडमिट. पाठीवर वरच्या बाजूला लावा म्हणजे बाबा ओढून काढणार नाहीत, रोज जागा बदला, त्याच जागी परत चौदा दिवस नको. तेल लावलेल्या अंगावर चिकटत नाही, म्हणून आंघोळीनंतर कोरडं पुसून लावा. पेननं पॅचवर तारीख टाकून ठेवा.

मानेवाडा_वाली

तारखेचं भारी सांगितलं भाऊ, काल पॅच लावला की नाही यावर आई आणि मी अर्धा तास वाद केला. कूलरसमोर घामानं निघाला तर त्याच दिवशी दुसरा लावायचा का?

गोळीवाला

हो, निघाला तर नवीन लावा, पण दुसऱ्या दिवशी बदलायची वेळ नेहमीचीच ठेवा. आणि सलग तीन दिवसांपेक्षा जास्त सुटला तर मनानं परत सुरू नका करू, मॅडमना फोन करा, तेव्हा बऱ्याचदा पुन्हा लहान डोसपासून चढावं लागते.